ड्रोनला दम घेऊ द्या

वाणगाव, चिंचणी, वरोर, गंजाड, आशागडपासून थेट तलासरीकडच्या उधवा-झरीपर्यंत ज्यांच्या शेतावर यंदा फवारणीचा ड्रोन येणार आहे, त्या सगळ्यांना ही हात जोडून विनंती. होळी तोंडावर आली आहे. मिरचीचा तोडा जोरात आहे, फुलकिडे आणि चुरडामुरडा त्याहून जोरात, आणि ड्रोनवाल्यांचे फोन पहाटेपासून वाजतायत. पुढचे दोन महिने सकाळी ११ ते दुपारी ४ ड्रोन उडवायला लावू नका. लागोपाठ तीन टाक्या झाल्या की मशीनला सावलीत पंधरा-वीस मिनिटं द्या. गरम बॅटरी चार्जिंगला लावताना कुणी दिसलं तर ती काढायला लावा. वाचायला वेळ नसेल तर एवढं लक्षात ठेवून कामाला लागा.

मी मोटार वाइंडर. तीसेक वर्षं पंपाच्या मोटरी भरतोय. जळालेल्या वार्निशचा वास आला की मोटर न उघडता सांगतो, की फेज गेला होता की बेअरिंग धरलं होतं. गेल्या तीन-चार वर्षांपासून माझ्या टेबलावर ड्रोनच्याही मोटरी यायला लागल्यात, कारण माझी भाची ड्रोन चालवते. रीतसर प्रशिक्षण घेतलंय, प्रमाणपत्र आहे. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, १५ हजार बचतगटांना ड्रोन द्यायचे ठरले, तेव्हापासून आपल्याकडेही बायका रिमोट हातात घेऊन बांधावर उभ्या राहिलेल्या दिसतात. कौतुक सगळेच करतात. बारा वाजता तिने “काका, आता थांबू या” म्हटलं की मात्र कौतुक संपतं. “अगं पोरी, दोनच टाक्या राहिल्यात, उडव की!” एकरी पैसे मिळतात, पुढच्या शेतकऱ्याला वेळ दिलेली असते, ती उडवते. यंत्र का तापतं याचं माझ्या लेखी पहिलं कारण हेच आहे, बाकीची नंतर.

मागच्या मार्चमधली गोष्ट. शेत कुणाचं ते सांगत नाही, माणूस भला आहे. सकाळपासून सातवी टाकी चालली होती, दुपारचा एक वाजला होता. सहा पंख्यांचा ड्रोन मिरचीवरून जात असताना एकदम एका बाजूला कलला, स्वतःभोवती गरगर फिरला आणि सरींमध्ये आडवा झाला. तोडा करणाऱ्या बायका तिथून तीसेक पावलांवर होत्या. भाचीने आधी त्यांना ओरडून लांब पळवलं. एकजण पाण्याची बाटली घेऊन ड्रोनकडे धावला, त्यालाही थांबवलं. मिनिटभरात बॅटरीतून पांढरा धूर आला, मग फुसकन ज्वाळा. मल्चिंग पेपर वितळला, ठिबकच्या दोन नळ्या गेल्या, आठ-दहा झाडं करपली. एवढ्यावर निभावलं.

संध्याकाळी ते धूड माझ्याकडे आलं. ज्या हाताची मोटर बंद पडली होती, तिथला ईएससी उघडला. ईएससी म्हणजे मोटरीला किती करंट द्यायचा ते ठरवणारा बोर्ड, प्रत्येक मोटरीला एक. त्यावरच्या मॉस्फेटच्या चिपला फोड येऊन ती फुटली होती. खालच्या ॲल्युमिनियमच्या फिनांमध्ये औषध आणि धूळ यांचा चिकट थर बसला होता, वाळलेल्या गुळासारखा. हवा फिरायला जागाच नव्हती. बॅटरीचा पिवळा कनेक्टर तर एका बाजूने काळा ठिक्कर पडून वितळलेला. तो कनेक्टर मी ओळखला. आठवड्यापूर्वी तो माझ्याच टेबलावर आला होता, तेव्हा नुसता तपकिरी पडला होता आणि आत थोडं हिरवं धरलं होतं. मी पिना पॉलिशपेपरने घासून “चालेल अजून महिनाभर” म्हणून परत दिला होता.

चालला नाही, आणि का चालला नाही याचा हिशेब मला यायला हवा होता. दहा लिटरचा ड्रोन भरल्या टाकीनिशी पंचवीस किलोच्या जरा आत बसवलेला असतो, कारण त्यापुढे नियमांमधला वर्ग बदलतो. एवढं वजन नुसतं हवेत धरून ठेवायला साडेतीन-चार किलोवॅट लागतात. म्हणजे तुमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटर. ती थ्री फेजवर साडेसात अँपिअर ओढते आणि सबमर्सिबल असेल तर दिवसभर पाण्यात बुडून थंड राहते. ड्रोनची बॅटरी ४४ व्होल्टची. तेवढ्याच ताकदीसाठी तिच्यातून ऐंशी-नव्वद अँपिअर जातात, आणि थंड करायला फक्त हवा, तीही मार्चमधली. करंट दुप्पट झाला की तारेचं तापणं चौपट होतं, हे आमच्या धंद्यात शेंबडं पोरही सांगतं. आता कनेक्टरच्या पिनेवर गंज धरला आणि तिथला अडथळा नुसता पाच मिलीओहम झाला, जो साध्या मीटरवर धड दिसतही नाही, तरी त्या एका जागी पस्तीसेक वॅट उष्णता तयार होते. माझा सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचा आहे.

आपल्याकडे हा गंज लवकर धरतो. चिंचणीचा समुद्र लांब नाही आणि खाऱ्या वाऱ्याला कुंपण नाही. घाटावरच्या माणसाने दिलेला “सहा महिन्यांनी कनेक्टर बदला” हा सल्ला इथे लावू नका. तपकिरी डाग दिसला की बदला, घासून वापरू नका. नव्या कनेक्टरची किंमत तोड्याच्या एका क्रेटपेक्षाही कमी असते.

हवामानाचंही आपलं गणित वेगळं आहे. कोकणपट्टीत पारा सगळ्यात जास्त उसळतो तो बहुधा मेमध्ये नसतोच, फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये असतो. जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा जोर धरतो, समुद्राकडचा खारा वारा दुपारपर्यंत सुटतच नाही, आणि अशा दिवशी पारा चाळिशीजवळ जातो. नेमका तोच मिरचीचा भर. गरम हवा पातळ असते, २० अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची साधारण सहा टक्क्यांनी. म्हणजे पंख्यांना जास्त जोर लावावा लागतो, आणि ज्या हवेने मोटर थंड करायची ती स्वतःच तापलेली. त्यात खारा वारा सुटला की औषधाचे थेंब उडून शेजारच्या सरीत, नाहीतर तोडा करणाऱ्या बायकांच्या तोंडावर. शिवाय दुपारच्या उन्हात बारीक थेंब पानावर पोचण्याआधीच आटतात. दुपारची फवारणी पिकालाही फायद्याची नाही, पण घाई असली की एवढा विचार कोण करतो.

हवा पातळ असली की काय होतं याचं सगळ्यात भारी उदाहरण मंगळावरचं आहे. ‘नासा’चं इन्जेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला तिथे पहिल्यांदा उडालं. त्याचे मुख्य अभियंते बॉब बलराम मूळचे भारतातले. मंगळावर रात्री उणे ऐंशीच्या खाली थंडी, तरी त्या यंत्राला एका उड्डाणात जास्त वेळ राहता येत नव्हतं, कारण तिथली हवा आपल्या हवेच्या एक टक्का आणि उडताना मोटरी सेकंदाला सुमारे एक अंशाने तापायच्या. दोन-तीन मिनिटांत खाली यायचं, गार व्हायचं, मग पुढचं उड्डाण काही दिवसांनी. अशी थांबत थांबत त्याने ७२ उड्डाणं केली, जानेवारी २०२४ पर्यंत. आपल्याला सातव्या टाकीलाही दम धरवत नाही.

आपल्या जिल्ह्यातही ड्रोनने मोलाचं काम केलंय. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला कोरोनाच्या ३०० लसी ड्रोनने पोचल्या, वीसेक किलोमीटर अंतर नऊ-दहा मिनिटांत. मला त्यातला डिसेंबर महत्त्वाचा वाटतो. गार हवा, हलकं ओझं, एक सरळ फेरी. मार्चमध्ये भरली टाकी घेऊन दिवसभर वरखाली करणं हे वेगळंच काम आहे, यंत्र दिसायला सारखं असलं तरी.

आता बांधावर काय करायचं ते. ड्रोन उतरला, पंखे थांबले, स्विच बंद झाला की सहाही मोटरींना एकामागून एक बोट लावून बघा. सगळ्या सारख्या कोमट असतील तर ठीक. पाच कोमट आणि एक चटका देणारी असेल तर तिचं बेअरिंग धरलंय, किंवा पात्याला चीर गेलीय, किंवा हात थोडा वाकलाय. पुढची टाकी भरू नका. हे तपासायला अर्धा मिनिट लागतं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. तापमान मोजायची बंदूक असेल तर उत्तम, पण कोरोनात कपाळावर धरायला घेतलेली बहुतेक ४२-४३ अंशांच्या पुढे काही दाखवत नाही, ती घरातच ठेवा. कारखान्यात वापरतात ती हवी. आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर तीही फसते, खरं असतं त्याहून बरंच कमी दाखवते. त्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा.

मोटरीचं आणखी एक आहे. वाइंडिंगची तार ताप सोसते, आतले चुंबक नाजूक असतात. साध्या जातीचा निओडायमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे गेला की त्याची थोडी ताकद कायमची जाऊ शकते. ताकद गेली की तेवढ्याच उचलीसाठी करंट जास्त लागतो आणि मोटर आणखी तापते. चांगल्या मोटरीत जास्त ताप सोसणारे चुंबक बसवतात. स्वस्त बदली मोटरीत कोणते आहेत ते वरून मलाही ओळखता येत नाही, म्हणून मी आता त्या बसवून देत नाही.

उन्हात उडवणं अगदीच टळत नसेल तर टाकी आठ लिटरच भरा. वजन दोन किलोने कमी झालं तर ईएससी आणि तारांमधली उष्णता हिशेबाने पाचव्या हिश्शाने उतरते. एकराला दहा लिटर बसत असेल तर आठ लिटरमध्ये बत्तीस गुंठे होतील. औषधाचं प्रमाण मात्र लेबलप्रमाणेच ठेवा, पाणी कमी म्हणून मिश्रण घट्ट करू नका.

खरी भीती बॅटरीची. ही आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी नाही, हिच्यात पाणी घालायचं नसतं आणि हिची चूक माफ नसते. फवारणीच्या ड्रोनची एक बॅटरी सातशे ते हजार वॅट-तासांची. विमानात प्रवाशाला शंभर वॅट-तासांच्या वरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही आणि एकशेसाठच्या वरची तर अजिबातच नाही. यावरून तुम्ही टेम्पोच्या हौद्यात काय घेऊन फिरताय त्याचा अंदाज करा. उडून आलेली बॅटरी पन्नास-साठ अंशांना असते. त्या अवस्थेत चार्जरला लावली की आतले थर बिघडू लागतात, वायू धरतो आणि पिशवी पुरीसारखी फुगते. फुगलेली बॅटरी दाबून, पट्टी आवळून परत बसवलेली मी पाहिली आहे. एकदा आत शॉर्ट झाला की ती स्वतःच्याच उष्णतेने पेटत जाते, एका सेलने दुसरा धरतो.

म्हणून हाताला कोमटही लागत नाही अशी होईपर्यंत सावलीत ठेवा, साधारण अर्धा तास. ओल्या गोणपाटावर ठेवू नका आणि बादलीत बुडवू नका. काही कंपन्यांच्या बॅटऱ्या पाण्याने गार करायच्या असतात, त्यांच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असतं. नसेल तर आपली त्यातली नाही असं समजा. टेबलफॅन चालतो. बंद टेम्पोत किंवा काचा लावलेल्या गाडीत ठेवू नका, उन्हात तासाभरात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी चढतं. दुसऱ्या दिवशी काम नसेल तर फुल चार्ज करून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, चार्जरवर त्याला ‘स्टोरेज’ म्हणतात. आणि रात्री घरात, माणसं झोपलेली असताना चार्जिंग नको. मुलं झोपतात त्या खाटेखाली चार्जर चालू ठेवलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय.

पेटलीच तर धुरापासून लांब व्हा, तो विषारी असतो, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा. जवळ जाऊन विझवायला बघू नका. जवळपास काही पेटणारं असेल तर ते लांबून भरपूर पाणी मारून भिजवा. बाटलीभर पाण्याने काही होत नाही, तिथे पंपाचा पाइपच हवा. पावडरचा सिलिंडर ज्वाळा विझवतो, आतली उष्णता नाही, त्यामुळे तासाभराने ती परत पेटू शकते. विझलेली बॅटरी निदान दिवसभर उघड्यावर, भिंतीपासून लांब. फोन १०१ किंवा ११२.

ड्रोनच्या मेंदूबद्दल एक गंमत. बऱ्याच ड्रोनमध्ये तोल सांभाळणारा सेन्सर मुद्दाम गरम ठेवलेला असतो, छोटा हीटर लावून, म्हणजे त्याचं तापमान बदलत नाही आणि अंदाज चुकत नाही. पण बाहेरच्या उन्हाने तो त्याहून जास्त तापला तर त्याला गार करणारं काही नसतं. मग ड्रोन आपोआप सरकायला लागतो, उंची चुकवतो. उडवणाऱ्याच्या हातातला मोबाइलही त्याच वेळी तापून स्क्रीन अंधारा करतो. वाणगाव स्टेशनच्या दोन्ही अंगांना रुळांलगत शेतं आहेत आणि वर २५ हजार व्होल्टची तार. तिकडे तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. उडवण्याआधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहायचाच असतो. पण सरकणारा ड्रोन नकाशा बघून सरकत नाही.

लग्नाच्या शूटिंगवाल्या पोरांनाही एक सांगतो. हळदीला मांडवाबाहेर ड्रोन चालू करून जमिनीवर ठेवता आणि नवरदेवाची वाट बघता. त्याच्या आतल्या चिपा उडताना लागणाऱ्या वाऱ्यावर गार होतात, जमिनीवर नाही. वाट बघायची असेल तर बंद करून बघा.

कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र, तालुका कृषी कार्यालय आणि ग्रामपंचायतींकडे एवढंच मागणं आहे, की होळीच्या आधी एक सकाळ ठेवा. सगळे ड्रोनवाले आणि ड्रोन बोलावणारे शेतकरी एकत्र बसू द्या. फवारणीच्या ड्रोनसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये कार्यपद्धती काढली आहे, ती कुणीतरी मराठीत मोठ्याने वाचून दाखवा. आणि दर ठरवताना थांबण्याचा वेळ धरूनच एकरी दर ठरवा. नाहीतर दरवेळी थांबायचं की नाही हा वाद बावीस वर्षांच्या पोरीने पन्नाशीच्या बागायतदाराशी घालायचा, आणि त्यात कोण हरतं ते आपल्याला माहीत आहे.

शेतकऱ्याने बांधावर काय तयार ठेवावं? एक मोठी छत्री किंवा ताडपत्रीची सावली, बॅटऱ्या ठेवायला लाकडी फळी, दोन घमेली कोरडी माती, आणि उडवणारीला प्यायला पाणी. पहाटे साडेसहाला सुरुवात केली तर साडेदहापर्यंत चार तास मिळतात, संध्याकाळी चारनंतर आणखी दोन. तेवढ्यात दम खात खात सुद्धा बरंच रान होतं, भाचीची वही आहे माझ्याकडे. त्या दिवशी सातव्या टाकीने वाचवायचा होता अर्धा तास. ड्रोन दुरुस्तीला गेले तीन आठवडे, आणि त्या शेतकऱ्याने उरलेली फवारणी पाठीवरच्या पंपाने केली.

ज्यांना आपला ड्रोन हंगामाआधी एकदा बघून घ्यायचा आहे त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे आणावा. फिना मऊ ब्रशने साफ करून देतो, जोरदार पाण्याचा फवारा मारू नका. कनेक्टर बघतो, मोटरी हाताने फिरवून बेअरिंग ऐकतो. त्याचे पैसे घेत नाही. तो काळा पडलेला कनेक्टर टेबलावर ठेवलाय, हातात घेऊन बघा.